ठमीच्या नावाची सवलत

५ जून

चि. ठमी हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. हॉस्पिटलचं काम आपल्याला मिळालं! नेटवर्कचे बारा स्विच बसवायचेत. लॅबपासून ऑपरेशन थिएटरपर्यंतचे सगळे कॉम्प्युटर त्यांनीच जोडले जाणार. हॉस्पिटलचे संचालक ऑफिसात आले ते आधी भिंतीवरच्या तुझ्या नेटवर्किंगच्या सर्टिफिकेटसमोर उभे राहिले, मग माझ्याकडे वळले. तू कॉलेजात शिकवायला गेलीस त्याला चार वर्षं झाली, पण धंदा अजून तुझ्याच नावावर चालतो. त्या सर्टिफिकेटची परीक्षा पास झालेला माणूस पटावर असेल तरच स्विच बनवणारी कंपनी आपल्याला सवलतीत माल देते. तुझ्या सर्टिफिकेटची मुदत डिसेंबरात संपते. परत परीक्षा दे, नाहीतर मला बसावं लागेल, आणि माझी अक्कल तुला माहीत आहे.

सोबत हॉस्पिटलला द्यायच्या मालाचा तपासणी-अहवाल आणि खोक्यांचे फोटो आहेत. सही करून धाड. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझा,
दादा

१२ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

माझं सर्टिफिकेट भिंतीवर आणि मी भिंतीबाहेर, हे छान जमवलंस! परीक्षा देईन. तुझ्याकडच्या चौदा माणसांसाठी देईन, तुझ्या लाडीगोडीसाठी नाही.

अहवालावर सही केली. खरं तर खोकं उघडून, आतल्या स्विचचा नंबर कंपनीच्या यादीशी ताडून मगच सही करायची असते. वर्गात मी हेच घसा कोरडा करून सांगते. पण फोटोत सील शाबूत दिसलं, आणि माल घेणारा तू. आणखी काय तपासायचं?

वहिनीला नमस्कार. भाचीला म्हणावं, आत्याला विसरलीस तर येऊन कान पिळीन.

तुझी,
ठमी

२ ऑगस्ट

ती. दादास,
नमस्कार.

काल हॉस्पिटलच्या इंजिनिअरचा फोन आला. तुला नाही, मला; कारण अहवालावर नाव माझं आहे. एक स्विच बंद पडला. ऑपरेशनच्या टेबलावर झोपवलेल्या बाईंचा रक्ताचा रिपोर्ट लॅबमधून वर पोचेना. एक नर्स हातात कागद घेऊन तीन जिने धावत चढली. बाई वाचल्या त्या त्या नर्सच्या पायांमुळे. तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे तर नाहीच. इंजिनिअरने कंपनीकडे मदत मागितली तर कंपनी म्हणाली, या नंबरचा स्विच आम्ही सात वर्षांपूर्वी एका बँकेला विकलाय, तुमच्याकडे आला कुठून?

दादा, बँकेने टाकून दिलेला माल पुसूनबिसून नव्या खोक्यात? कंपनीची सवलत पुरली नाही तुला? तू किमतीत काटकसर केली असतीस तर मी हसून सोडून दिलं असतं. तू काटकसर केलीस आजारी माणसांच्या जिवात, आणि ती झाकायला पांघरूण घेतलंस माझ्या नावाचं! त्या नावासाठी मी दोन वर्षं नोकरी सांभाळून अभ्यास केला. आणि मीही कसली? भाऊ म्हणून डोळे मिटले.

उरलेले अकरा तिथे अजून चालू आहेत. पंधरा तारखेपर्यंत बदल. नाहीतर मी स्वतः हॉस्पिटलला लिहीन.

ठमी

८ ऑगस्ट

चि. ठमीस,
आशीर्वाद.

भाषण पोचलं. टाळ्या वाजवायला इथे कुणी नव्हतं. माल जुना होता, पण चालू होता. सगळेच असा घेतात. हॉस्पिटलने दर घासून घासून खाली आणला तेव्हा त्यांना रुग्ण आठवले नाहीत. बंद पडलेला मी दुसऱ्याच दिवशी बदलून दिला. अकरा नवे घ्यायचे तर मला शटर ओढावं लागेल.

कळवायचं तर कळव. पण सही तुझी आहे, आधी तूच बुडशील. मी चौदा घरं चालवतो. तू फळ्यावर नीती लिहितेस, ती पुसायलाही सोपी. तुझी वहिनी म्हणते, बहिणीने भावाला फौजदारासारखी तारीख देऊ नये. शांत डोक्याने विचार कर. तोवर माझ्याबद्दल वाईट मनात आणू नकोस.

दादा

१० सप्टेंबर

ती. दादास,
सा. न.

सोळा ऑगस्टला मी हॉस्पिटलला आणि कंपनीला, दोघांनाही लिहिलं. न तपासता सही केली, हेही लिहिलं. हॉस्पिटलने अकराही स्विच काढले. कंपनीने माझं सर्टिफिकेट रद्द केलं. पाच वर्षं मला परीक्षेला बसता येणार नाही. कॉलेजने माझा वर्ग दुसऱ्याला दिला. तू म्हणालास तसंच झालं, मीच आधी बुडाले. पुन्हा वेळ आली तर पुन्हा लिहीन.

भेटायला यावंसं वाटतं. पण दार कोण उघडेल, आणि उघडेल का, ते कळत नाही. राग धर, पण तब्येतीला जप.

ठमी

४ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र बाबांना न सांगता लिहितेय. तुझं नाव निघालं की आमच्याकडे भांडी आदळतात. कामावरची सहा माणसं गेली.

पण एक चांगली बातमी आहे. मागच्या महिन्यात मला एकविसावं लागलं, आणि आता मी तुझ्यासारखीच नेटवर्किंगची परीक्षा देणार आहे! बाबा दुसऱ्या कंपनीचा माल घेणार आहेत, तिथेही सवलतीसाठी पास झालेलं माणूस लागतं. परीक्षा जानेवारीत आहे. तुझ्या वह्या पाठवशील? पुस्तकातलं डोक्यावरून जातं, तू सांगायचीस तेव्हा कळायचं.

काल बाबांनी एका शाळेच्या कामाचा तपासणी-अहवाल आणला होता. माल यायचा आहे अजून, पण मी सही करून दिली. ते इतके खूश झाले, म्हणाले, घरचं माणूस ते घरचं माणूस. त्यांना हसताना कितीतरी दिवसांनी पाहिलं गं.

तुला विचारायचं होतं, पास व्हायच्या आधी केलेली सही चालते ना?

उत्तर मैत्रिणीच्या पत्त्यावर धाड. रागावली नसशील तर लवकर.

तुझीच,
भाची