पाना गेला तेव्हा

३ मार्च

पाना गेला.

नवरा न्हाणीघराच्या दारात उभा, ब्रश तोंडात, फेस हनुवटीवरून गळतोय, हातात मोबाइल. मला वाटलं, सासूबाईंना काही झालं की काय! ‘अरे, बोल ना!’ तर म्हणाला, ‘पाना गेला.’ क्षणभर मला नट आवळायचा पानाच वाटला. म्हटलं, ‘डेपोत विसरला असशील.’

मग त्याचा चेहरा पाहिला.

त्याचा तो फोनवरचा मित्र, पाना. आघाडीवर जखमींना आणायला गाडी घेऊन निघाला होता म्हणे. गाडीवरच बॉम्ब पडला.

४ मार्च

बिचारा. वाईट झालं. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढचं लिहिणार आहे ते चांगलं नाही.

चार वर्षं हा पाना आमच्या घरात होता. पाऊल न टाकता! जुन्या मोटरसायकली दुरुस्त करणाऱ्यांचा कसलासा ऑनलाइन ग्रुप, तिथे ओळख झाली. त्याने तिथे स्वतःचं नाव ‘पाना’ ठेवलेलं, तेच पडलं. त्याच्याकडे वडिलांची बंद पडलेली मोटरसायकल होती, आणि हा पडला बस डेपोतला मेकॅनिक. झालं! दर रविवारी कानात इयरफोन. युद्ध सुरू झालं, पाना सैन्यात गेला, तरी तिकडून फोन यायचेच. कार्बोरेटरवर दोन दोन तास बोलायचे. मी विचारलं, ‘आज डेपोत काय झालं?’ तर ‘हं’. बास, ‘हं’!

सवत असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्या.

८ मार्च

रविवार. पहिला फोन नसलेला. दिवसभर बाल्कनीत बसून होता. जेवला नाही. सासरे गेले तेव्हा याने मांडववाल्यापासून पाहुण्यांपर्यंत सगळं केलं, डोळ्यांतून टिपूस नाही. आणि आता? ज्याला कधी पाहिलं नाही, त्याच्यासाठी उशी ओली!

बहिणीला फोन केला. म्हणाली, ‘अगं, बाई नव्हती ना? मग सुटलीस की!’ तिला काय सांगू. बाई असती तर मी तिच्याहून देखणी तरी निघाले असते.

११ मार्च

दुकानात आज लक्ष नव्हतं. एका आजोबांच्या चष्म्यात उजवी काच डावीकडे बसवली. मालक म्हणाले, ‘घरी सगळं ठीक ना?’ म्हटलं, ‘नवऱ्याचा मित्र गेला.’ ‘अरेरे, जवळचा?’

‘हो,’ म्हटलं. ‘माझ्यापेक्षा.’ ते हसले. त्यांना विनोद वाटला.

१५ मार्च

आज बोलू नये ते बोलले.

बाजारातून आले तर हा खोलीत जुनं रेकॉर्डिंग ऐकत होता, मोठ्या आवाजात. मी दाराबाहेरच थांबले. पाना सांगत होता की त्याने पेट्रोलच्या टाकीत चुकून सरबत ओतलं, आणि दुसरा माणूस हसत होता – खो खो, श्वास अडकेपर्यंत. मला कळेचना हा दुसरा कोण. मग कळलं.

माझ्याच नवऱ्याचं हसणं मला ओळखता आलं नाही!

आत गेले आणि तोंड सुटलं. ‘कोण लागत होता तो तुझा? कधी भेटला तरी होतास?’

त्याने आवाज बंद केला. म्हणाला, ‘नाही ना भेटलो. भेटायचं राहूनच गेलं.’

चिडला असता तर बरं झालं असतं.

१७ मार्च

अबोला. त्याने चहा केला, दोघांचा. माझा कप झाकून ठेवला आणि कामावर गेला. मी प्यायले. गार होता.

२२ मार्च

पानाच्या आईला भेटून आलो. मीच म्हटलं, ‘मीही येते.’ खरं सांगायचं तर बघायचं होतं – काय एवढं होतं त्याच्यात.

बसने निम्मा दिवस. छोटं घर, मागे पत्र्याची शेड, शेडमध्ये ती मोटरसायकल, अर्धी उघडी. त्याच्या आईने याचा हात धरला तो सोडेचना. ‘आवाज अगदी फोनमधल्यासारखाच आहे रे तुझा!’ म्हणाल्या. आणि हा, माझा मुका नवरा, त्यांच्याशी बोलत सुटला. मी आपली खुर्चीच्या कडेवर. फोटोतला पाना साधाच. कान मोठे. माझा नवरा दिसायला कितीतरी उजवा! मेलेल्या माणसाशी बरोबरी करत बसले होते मी.

पानाची बहीण, नर्स आहे, कप विसळायला आत गेली. मी मागोमाग. नळ चालू ठेवून हळूच म्हणाली, ‘वहिनी, आता तुम्हीच सांभाळा यांना. दादा होता तोवर काळजी नव्हती.’

‘कसली काळजी?’

‘ते भरतीचं हो. तुम्हाला... माहीत नाही?’

म्हणाली, हा सारखा सैन्यात यायचं म्हणायचा. गाड्या दुरुस्त करायला माणसं हवीत, मी इथे बसून काय करतोय, असं. आणि पाना दर वेळी शिव्या घालायचा. ‘गाढवा, घरी बायको आहे. इकडे पाऊल टाकलंस तर तंगडी तोडीन!’ फोनवर ओरडायचा नुसता, म्हणाली. मग हा गप्प बसायचा.

मी कप पुसत राहिले. एवढी मोठी गोष्ट! पानाला माहीत, त्याच्या बहिणीला माहीत. मला सोडून सगळ्यांना!

येताना बसमध्ये तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला. विचारायचं होतं, उठवलं नाही. बऱ्याच दिवसांनी असं डोकं टेकलं होतं. वाटलं, चला, आता हा माझा. एकटीचा. लाज वाटली, पण वाटलं खरं.

२३ मार्च

आज पोटभर जेवला. दुसऱ्यांदा भात मागितला. भरतीचं विचारलं नाही. कशाला उगाच खपली काढायची?

२६ मार्च

पानाच्या घरी गेलो त्याच्या आधीच हा भरतीच्या कागदांवर सही करून आला होता. आज सांगितलं. परवा निघायचंय.

मी ओरडले, रडले, दार आपटलं. ‘मला विचारावंसंही वाटलं नाही?’ खाली मान घालून म्हणाला, ‘विचारलं असतं तर जाता आलं नसतं.’

मग ओट्याशी उभी राहून खूप रडले. पानासाठी. आत्ता तो हवा होता!