ऐकू न येणाऱ्यांसाठी फोन नंबर

प्रिय बाबा,

तुम्हाला मोबाइलवरचे मेसेज वाचायचा कंटाळा आणि मला फोनवर ओरडायचा, म्हणून हे पत्र. मी आणि तुमचे जावई, दोघंही ठणठणीत आहोत, तेव्हा उगाच काळजी करत बसू नका.

नुकतीच मी एका श्रवणयंत्रांच्या दुकानाची वेबसाइट केली. दुकान आमच्या ऑफिसमागच्या गल्लीत आहे. मालक भला माणूस, पण भारी हौशी. त्यांना हलणारी चित्रं हवी होती, हसणारी म्हातारी जोडपी हवी होती, आणि पान उघडताच बासरीसुद्धा वाजायला हवी होती! मी म्हटलं, "अहो, बासरी ऐकू येत असती तर माणूस तुमच्याकडे कशाला आला असता?" ते पोट धरधरून हसले आणि बासरी गेली. मी स्वतःवर खूश. पहिल्याच पानावर मी भलंमोठं हिरवं बटण ठेवलं होतं: 'आत्ताच फोन करा'.

साइट सुरू करण्याआधी ती एखाद्या खऱ्या गिऱ्हाइकाला वापरायला द्यायची आणि आपण तोंड मिटून बघायचं, अशी आमच्याकडे पद्धत आहे. (तोंड मिटून! माझे काय हाल झाले असतील ते तुम्हीच समजा.) मालकांच्या ओळखीच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. त्यांनी चष्मा सारखा केला, बटणावर बोट ठेवलं आणि वर्गात चूक सापडावी तसं माझ्याकडे पाहिलं. "अक्षर छान मोठं आहे गं. पण मी फोन लावून ऐकू काय?"

बाबा, मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. मालक खोकल्याचं निमित्त करून बाहेर पळाले.

पुढे बाई शोधत राहिल्या. तपासणी दुखते का, खोलीत एकटीला बसवतात का, सोबत कुणाला आणलं तर चालतं का. यातलं काहीच आम्ही लिहिलं नव्हतं. यंत्रांची स्तुती मात्र पानं भरभरून. मग त्या हळूच म्हणाल्या, "दारापर्यंत येऊन कितीदा परत गेलेय मी. घरात सगळे हसले की मीही हसते. कशाला हसतेय, ते ठाऊक नसतं."

मला तुम्ही दिसलात. जेवणाच्या टेबलावर आम्ही हसलो की मागून हसणारे. छापखान्यातल्या यंत्रांनी आयुष्यभर तुमचे कान खाल्ले, आणि आम्ही आपले म्हणत राहिलो, बाबा हल्ली आपल्याच तंद्रीत असतात.

मी सगळं मोडून पुन्हा मांडलं. पहिल्या पानावर आता तपासणीच्या खोलीचा फोटो आहे, खिडकी आणि खुर्चीसकट, आणि तपासणाऱ्या बाईंचाही. खाली साधी वाक्यं: दुखत नाही, सोबत कुणालाही आणा, यंत्र घेतलंच पाहिजे असं नाही. फोनऐवजी लिहून वेळ ठरवता येते. परवा एक आजोबा आले आणि कुणाला काही न विचारता थेट त्या खुर्चीत जाऊन बसले, फोटोत पाहिली होती म्हणून. आणि मुख्याध्यापिका बाई? त्यांनी यंत्र घेतलं. आता तक्रार करतात की सून भांडी फार आपटते.

आता खरं सांगते. मागच्या रविवारी मी फोनवर तुम्हाला एक बातमी दिली. तीनदा दिली. तुम्ही म्हणालात, "बरं बरं, छत्री घेऊन जा." फोन ठेवल्यावर आम्ही दोघं आधी हसलो, मग मी रडले. बाबा, आम्ही एक मुलगी दत्तक घेतोय. चार वर्षांची आहे. पुढच्या महिन्यात घरी येईल. ती फार हळू बोलते, अगदी कुजबुजल्यासारखं, आणि एकदा बोललेलं पुन्हा बोलत नाही, कुणी "काय?" म्हटलं की गप्पच होते. तुमचा फोटो तिने पाहिलाय. त्यावर बोट ठेवून ती काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते मी सांगणार नाही, ते तिच्याच तोंडून ऐका. त्याआधी इकडे या. गुरुवारी सकाळची वेळ तुमच्या नावाने मी लिहून ठेवलीय. बरोबर मी असेन.

तुमचीच,
बडबडी