सुनेला ऑफिसचं बोलावणं

मंगळवार, कैनाड. दिवे लागल्यावर.

घाईने लिहितेय. अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

सुनेच्या कंपनीने कळवलं, घरून काम बंद, सोमवारपासून मुंबईच्या ऑफिसात या. तिच्या कंपनीतल्या मैत्रिणी फोनवर रडत होत्या. कल्पना मात्र हसली. तेवढ्यावरून नितीनने, माझ्या पोटच्या पोराने, तिचे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं.

"घरबसल्या पगार मिळतो तो टोचतो काय गं?"

"तिथे मला कोणी मारत नाही," ती म्हणाली. त्याने पुन्हा आपटलं.

मी चुलीतलं जळतं लाकूड ओढलं आणि त्याच्या मनगटावर हाणलं. कातडी भाजल्याचा वास आला.

"आये, मी तुझा मुलगा ना!"

"म्हणून एकच मारलं. हो बाहेर."

मीटिंगमध्ये ही कॅमेरा बंद ठेवायची. नेट हळू आहे म्हणायची. मी शेतावर गेले की तो मारायचा, हे आज कळलं. ऑफिसात कुठला कॅमेरा बंद करणार? तोंड सगळ्यांना दिसणार. म्हणूनच याला ऑफिस नको.

हे असते तर पोराचा हात उठला असता का? माहीत नाही. त्यांनी बसवलेल्या सागाच्या दारावर तो आता लाथा घालतोय. कडी हलतेय, पण दार धरून आहे.

कल्पना कपाळाला फडकं बांधून बॅग भरतेय.

"आई, मी गेल्यावर तुम्ही याच्याजवळ एकट्या कशा राहाल?"

मी पेटी उघडली. माझी दोन लुगडी तिच्या बॅगेत ठेवली.