वाचन माझं, प्रार्थना हिची

सोमवार, ३ मार्च

वाचन संपलं आणि कुणीच बोलेना!

बायको इस्पितळातून घरी आल्यावरची आजची पहिली संध्याकाळ. लग्न झाल्यापासून आमच्याकडे वाटणी ठरलेली — पवित्र शास्त्र मी वाचायचं, प्रार्थना हिने करायची. माझ्यासारखा वाचणारा चर्चच्या मंडळीत दुसरा नाही, हे पाळकसाहेबांनीच चारचौघांत म्हटलंय. शाळा अर्धवट सुटली, पण जोडाक्षरापाशी मी कधी अडखळलो नाही. तर आजही तसंच वाचलं, शास्त्र मिटलं, डोळे मिटले — आणि सवयीने हिच्या आवाजाची वाट पाहत बसलो. ही उशांना टेकलेली, उजवं अंग लुळं, वाचा गेलेली. मी विसरलोच कसा?

शेवटी आत्या म्हणाली, "अरे, आमेन तरी म्हण. जेवण गार झालं."

म्हटलं. कशाला आमेन म्हटलं, देव जाणे.

मंगळवार, ४ मार्च

पाळकसाहेब भेटायला आले. म्हणाले, "रोज संध्याकाळी मंडळीतलं कुणीतरी पाठवतो प्रार्थनेला." मी म्हटलं, "आमच्या घरची चूल आम्ही पेटवतो, प्रार्थनाही आम्हीच करू."

ते जिना उतरतात न उतरतात तोच आत्या — "आम्ही म्हणजे कोण रे? मला धरू नकोस. दात पडल्यापासून मी मनातल्या मनातच करते!"

गुरुवार, ६ मार्च

लहानपणापासून पाठ असलेली प्रभूची प्रार्थना म्हणून वेळ मारून नेली. एका शब्दाची चूक नाही. पण ही डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होती. दुकानात पाण्याची मोटार दुरुस्त करून घेणारं गिऱ्हाईक बघतं ना, तसं — मोटार फिरतेय खरी, पण पाणी वर चढेल का?

रविवार, ९ मार्च

उपासनेहून आल्यावर टेबलाशी बसून प्रार्थना लिहून काढली. संध्याकाळी वाचली. काही म्हणून सोडलं नव्हतं — उजवा हात, त्यातही तीन बोटं जास्त लुळी, उजवा पाय, जीभ, रक्तदाबाची सकाळची गोळी, संध्याकाळची गोळी, बोलण्याचे व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंचे वार. मोघम सांगितलं की काम मोघमच होतं, हे मी दुकानात रोज बघतो.

आत्या मधेच म्हणाली, "घराचा पत्ताही सांगून टाक. देव शेजारच्यांकडे जायचा!"

ही हसली! अर्धंच तोंड हललं, आवाज नाही, पण हसली. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा. मला रागही आला आणि बरंही वाटलं. राग जास्त होता. कागद फाडून टाकला.

बुधवार, १२ मार्च

दुकानात दिवसभर एका पाण्याच्या मोटारीचं वाइंडिंग. जळलेली तार काढायची, नवी तांब्याची तार फेरे मोजून गुंडाळायची. हे काम मला कुणी शिकवलं नाही. जळक्या मोटारी उघडून, गुंडाळलेली तार सोडवत सोडवत मीच शिकलो. आज डोक्यात आलं — हिची प्रार्थनाही अशीच उलटी सोडवून बघावी.

बघितली. ही सुरुवात कधीच मागण्याने करत नाही. आधी आभार — तेही कशाचे? नळाला पाणी वेळेवर आलं. दूध नासलं नाही. मग दुसऱ्यांचं — शेजारणीचा खोकला, आत्याचे गुडघे, दुकानातली वीज. स्वतःचं जवळजवळ नाहीच. मला वाटायचं, एवढ्या मोठ्या देवाला हे असलं बारीकसारीक कशाला ऐकवते! रविवारी मी गोळ्यांच्या वेळा ऐकवल्या, ते विसरलो वाटतं.

या नादात फेऱ्यांचा हिशेब चुकला. सगळी तार सोडून पुन्हा पहिल्यापासून.

शुक्रवार, १४ मार्च

आत्याच्या गुडघ्यांपासून सुरुवात केली. आत्या बेहद्द खूश.

मंगळवार, १८ मार्च

डॉक्टरांकडे जाऊन आलो. म्हणाले, "वाचेचं काही सांगता येत नाही. यायची असेल तर बहुधा पहिल्या काही महिन्यांत येते. काहींना येतही नाही." हिच्या देखत बोलले! ही समोर बसलेली, सगळं समजणारी. परत येताना ही सारा वेळ खिडकीबाहेर बघत होती.

संध्याकाळी शास्त्र उघडलं. वाचवेना. तसंच मिटलं. आभारही सुचेनात — आणि खोटे कुठून आणू? म्हणालो, "बापा, आज तुझ्याशी बोलायला माझ्याकडे काही नाही. मला हिचा आवाज पाहिजे. तो नाही तर हे घर मुकं आहे, आणि मीही. तू ऐकतोस असं ही म्हणते. मला आज तसं वाटत नाही. तरी सांगतोय." एवढंच. आमेन राहिलं ते राहिलंच.

आत्याने ताटं वाढली. हिने डावा हात उचलून माझ्या मनगटावर ठेवला आणि जेवण होईपर्यंत काढला नाही. मी दुसऱ्या हाताने जेवलो.

बुधवार, १९ मार्च

वाचन केलं. प्रार्थना केली. मन लागलं नाही. तरी केली.

सोमवार, २४ मार्च

सकाळी शटर उघडलं की कामाला हात लावण्याआधी दुकानातही करतो आता. दोन-चार वाक्यं, उभ्या उभ्या. आज एक गिऱ्हाईक लवकर येऊन मागे उभं होतं. "मिस्त्री, मोटारीशी बोलता की काय?" म्हटलं, "तिच्याशी बोलून उपयोग नाही, ती जळलेली आहे. वर बोलतोय."

घरी व्यायामवाल्या बाई आल्या की मला खोलीबाहेर काढतात. "तुम्ही समोर असलात की त्या दबतात," म्हणे. मी कुणाला दाबतो? पण बाहेर बसतो.

काल पाळकसाहेबांची प्रार्थना फार लांबली. एकच मागणं दोनदा आलं. हल्ली माझ्या लगेच ध्यानात येतं.

गुरुवार, २७ मार्च

आभार मानायला आज सहा गोष्टी सुचल्या. सगळ्या खऱ्या.

शनिवार, २९ मार्च

वीज गेली म्हणून दुपारीच दुकान बंद करून आलो. जिन्यात होतो, तेवढ्यात वरून आवाज आला. हिचा! जड, तुटक, पण हिचाच — "नका... सांगू त्यांना, आत्याबाई. आता कुठे... बोलायला लागलेत ते."

आत्या म्हणाली, "अगं, आठवडा झाला! किती दिवस तोंड मिटून बसणार?"

"थोडे... अजून."

मी पाय न वाजवता खाली उतरलो. रस्त्यावर फिरत राहिलो आणि नेहमीच्या वेळेला घरी आलो. संध्याकाळी वाचन झालं. ही डोळे मिटून माझी वाट पाहत बसली. मी आभारांपासून सुरुवात केली. पहिले कशाचे, ते मोठ्याने म्हटलं नाही.