अनवाणी माणसाचं शेवटचं पर्व

मंगळवार, ३ ऑक्टोबर २००६, एर्लांगेन, जर्मनी

इथे आज सुट्टी. दुकानं बंद, बस तुरळक, निखिल घरी. मधूच्या पक्षाघाताच्या झटक्याला अकरा आठवडे झाले. लेकाकडे तीन महिने राहायला म्हणून आम्ही नवरा-बायको आलो काय, आणि... असो. पाय सुधारला, काठी घेऊन चालतो. उजवा हात अर्धा. वाचा नाही. समजतं सगळं, पण तोंडातून एकच निघतं: "तेच ते." चहा हवा? तेच ते. दुखतंय? तेच ते.

सकाळी मी त्याला मानवी मेंदूची जिद्द या विषयावर वीस मिनिटं ऐकवलं. उदाहरणांसकट. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तेच ते." मंजिरी हातातली कणीक सोडून बाहेर पळाली. सासूसमोर हसायचं नाही असं कुणी शिकवलंय हिला? मग मी हसले, म.ही हसला. या घरात अकरा आठवड्यांत पहिल्यांदा.

गुरुवार, ५ ऑक्टो.

म.ला घेऊन गावातल्या वाचनालयात. मी इंग्रजी पुस्तकांच्या कपाटाशी. वळून बघते तर हा डीव्हीडींच्या रांगेपुढे उभा, डावा हात एका खोक्यावर. वर वाळवंट, त्यात अनवाणी माणूस, डोक्याला हॅट, खांद्याला झोळी. चिनी मठातला भिक्षू अमेरिकेत, बंदूकवाल्यांच्या मुलुखात भाऊ शोधत हिंडतो, ती मालिका. स्वतःकडे शस्त्र नाही. हात उचलायचा तो अगदी शेवटी आणि नाइलाजाने. तिसरा सीझन. शेवटचा.

एकदम पत्रं आठवली. पंचाहत्तर साल. म. याच गावात, विजेच्या एका मोठ्या कंपनीत दीड वर्षाच्या ट्रेनिंगला. घरमालकिणीच्या टीव्हीवर ही मालिका बघायचा आणि मला लिहायचा, 'हा माणूस फार बोलत नाही. तुला याचा भयंकर राग येईल.' शहात्तरच्या फेब्रुवारीत मी आणीबाणीविरुद्ध सभेत बोलले आणि तुरुंगात गेले. निखिल दोन वर्षांचा. सासूबाईंनी तार केली. म. ट्रेनिंग अर्धं टाकून परत. मालिकाही अर्धी राहिली. तीस वर्षांत कधी नाव काढलं नाही. मला वाटलं, विसरला.

खोकं हातातून सोडेना. काउंटरवरच्या बाईंनी त्याच्या हातात असतानाच त्यावर शिक्का मारला.

शुक्रवार, ६ ऑक्टो.

दुपारी चारला पहिली डिस्क. निखिलने इंग्रजी आवाज लावला. म.ने मान हलवली, रिमोट ओढून घेतला, डाव्या अंगठ्याने शोधत शोधत जर्मन लावला. मला जर्मनचा गंध नाही. "आई, बाबांना तेव्हासारखंच ऐकायचं असेल," निखिल म्हणाला. "मी सांगू का मधे मधे?" नको म्हटलं. मी काय फक्त कानांनी बघते?

आक्षेप नोंदवून ठेवते. चिनी भिक्षूचं काम गोऱ्या नटाला. तिकडे रेल्वेचे रूळ टाकणारे चिनी मजूर पिळून निघताहेत आणि हा महात्मा बासरी घेऊन एकटाच हिंडतोय. "अरे, माणसं जमव! संघटना कर!" मी टीव्हीला सांगितलं. आणखी बरंच सांगितलं.

म.ने चष्मा काढला.

अडतीस वर्षांची आमची खूण. माझ्या प्रत्येक सभेला हा पहिल्या रांगेत, मनगटावरच्या घड्याळावर नजर. वेळ संपली की चष्मा काढायचा. मी हातातलं वाक्य संपवून थांबायचे. मंत्र्यांनी सांगून थांबले नाही, पोलिसांनी सांगून थांबले नाही. चष्मा उतरला की थांबले.

झटक्यानंतर आज पहिल्यांदा काढला. मी गप्प. इतका आनंद झाला गप्प बसायला!

सोमवार, ९ ऑक्टो.

वाचा शिकवणाऱ्या बाई, फ्राऊ क्राउस. तिशीच्या आत, सायकलवरून येतात, हेल्मेट काढायच्या आधी काम सुरू. म.ला चित्रं दाखवतात. आज किल्लीचं. म.चे ओठ हलले, कपाळावर घाम आला. मागून आवाज आला, "किल्ली!" माझाच.

बाई इंग्रजीत म्हणाल्या, "तुम्हाला येतं हे मला ठाऊक आहे." मग कप. म. सुरुवात करतो आणि मी शेवट. तिसऱ्या चित्राला त्यांनी मला खिडकीशी नेलं. तुम्ही त्याचा शब्द उचलून नेता, म्हणाल्या. मनात तीसपर्यंत मोजा. वाटलं तर साठपर्यंत. तो शोधतोय, त्याला शोधू द्या.

मी म्हटलं, आमच्याकडे मदत करणं म्हणतात याला.

"या, या," म्हणाल्या जर्मनमध्ये. म्हणजे हो, हो. हो म्हणूनही माणसाला गप्प करता येतं, हे या देशात शिकतेय.

बुधवार, ११ ऑक्टो.

आज काय पाहिलं ते नीट लिहून ठेवायला हवं. दारूच्या गुत्त्यात चौघं त्या भिक्षूला डिवचताहेत. त्याचं पाणी सांडतात. दुसरा पेला येतो, तोही सांडतात. हा बघतो. मी सवयीने घड्याळ लावलं. जवळजवळ चार मिनिटं हा माणूस एक शब्द बोलत नाही, आणि खोली हळूहळू त्याची होते. डिवचणाऱ्यांचा आवाज चढतो, मग चिरकतो. त्यातला एक स्वतःच टोपी उचलून निघून जातो.

मी आयुष्यभर सभा जिंकल्या. मैदानं गाजवली, उगीच विनय नको. पण चार मिनिटं नुसतं उभं राहून? मला कधी जमलं नसतं. मुळात हे मला भेकडपणा वाटत आलं. गप्प बसणारा हा जुलमाचा भागीदार, हे माझं वाक्य गावोगाव भिंतींवर रंगवलं गेलंय. हा माणूस भेकड नाही. मग हे काय आहे?

म.कडे बघितलं. तो पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता. जिंकल्यासारखा.

शनिवार, १४ ऑक्टो.

फ्रँकफर्टच्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन. "ताई, अठ्ठावीसला दिवाळीचा कार्यक्रम. तुम्ही जर्मनीत आहात आणि तुमचं भाषण नाही, असं होऊच शकत नाही! विषय तुमचा तोच, गप्प बसणार नाही." चाळीस मिनिटं. हो म्हटलं.

दुपारी टिपणं काढली. म. परत आला तो प्रसंग घ्यायचाच. तार मिळाली, ट्रेनिंग सोडलं, हसत हसत विमानात बसला, तक्रारीचा शब्द नाही. तिथे टाळी पडतेच. तीस वर्षांत एकदाही चुकलेली नाही.

मंगळवार, १७ ऑक्टो.

मोठा दिवस!

डिस्क बदलताना म. काहीतरी सांगू लागला. "ते... ते..." मी म्हटलं, पाणी हवंय? उशी? बाथरूम? खिडकी लावू? आणि त्याने डावा हात वर केला, त्या भिक्षूसारखा, तळवा माझ्याकडे, आणि म्हणाला:

"मोमेंट."

स्पष्ट. इथला एखादा जर्मन दुकानदार म्हणतो तसा. जरा थांबा. मी किंचाळले. मंजिरी धावत आली. "अहो आई, काय झालं? पडले का बाबा?" बाबा पडले नाहीत, बाबा बोलले! तीस वर्षांपूर्वी या गावात शिकलेली भाषा आधी वर आली. मराठीच्या आधी. माझ्या आधी.

फ्राऊ क्राउसना फोन केला. असं होतं म्हणे कधी कधी, कुठलं दार आधी उघडेल सांगता येत नाही. मला त्यांचं शास्त्र पटलं. तरी दिवसभर अंगावर काटा आहे. जन्मभर मी चमत्कारांची टर उडवली. हा चमत्कार नव्हे, मेंदू आहे. पण मेंदू काय कमी आहे का?

एक टोचतंय. त्याचा पहिला शब्द 'थांब' हाच असावा?

रविवार, २२ ऑक्टो.

ज्याच्यासाठी हा माणूस एवढा चालला, तो भाऊ आता जवळ आलाय. पण त्याची घाई वाढत नाही. वाटेत कुणाची विहीर, कुणाचं भांडण, कुणाची म्हातारी आई. जो समोर येतो त्याचं पूर्ण ऐकतो. मी असते तर दुसऱ्याच भागात भावाचा पत्ता काढून, त्याला फैलावर घेऊन, घरी आणून बसवला असता.

हल्ली बघताना बोलत नाही. भाषा कळत नाही म्हणून पाय बघते, हात बघते, कोण कोणाचं ऐकतोय ते बघते. निखिल म्हणाला, "आई, तू एक तास गप्प होतीस. बरं वाटतंय ना?" कपाळाला हात लावून बघितला गाढवाने.

आज साठपर्यंत मोजलं. म. एकसष्टाव्याला म्हणाला, "चहा." मराठीत. लगेच आधण ठेवलं.

शनिवार, २८ ऑक्टो. परतीच्या गाडीत, संध्याकाळ

घडलं तसं लिहिते.

शाळेचा हॉल, दीडशे माणसं. शंकरपाळ्यांचे डबे, मुलांचं नाटुकलं, मुलं विंगेत जर्मनमध्ये भांडताहेत. म. पहिल्या रांगेत, मंजिरीशेजारी, मनगटावर घड्याळ. मी उभी राहिले आणि चांगली बोलले. आवाज लागला होता. हॉल हातात आला होता. मग तो प्रसंग. "तार मिळाली, आणि हा माणूस हसत हसत..."

म.ने चष्मा काढला.

घड्याळ पाहिलं. अकराच मिनिटं झाली होती. दमला असेल, बरं वाटत नसेल. पण चेहरा तसा नव्हता. पुन्हा म्हटलं, "हसत हसत हा माणूस..." तो काठीवर भार देऊन उभा राहिला. मंजिरीने हात धरला, तो त्याने सोडवला. तळवा माझ्याकडे.

"मोमेंट."

मी थांबले. अर्ध्या वाक्यात. असं कधीच झालेलं नाही.

त्याचे ओठ हलत होते. शब्द येईना. मी मोजू लागले. चाळिसाला मागच्या कुणी दयाळू माणसाने टाळी वाजवली, म्हाताऱ्याला सोडवायला. मी हात वर केला, टाळी थांबली. मग दीडशे मराठी माणसं, मुलांसकट, गप्प. अशी शांतता मी कुठल्याही सभेत ऐकलेली नाही. ती मी मिळवली नव्हती. बोलता न येणारा माणूस नुसता उभा होता आणि ती त्याची होती.

एकशे दहाला तो म्हणाला, "ते... ते नाही." आणि बसला.

मी म्हटलं, "माझं भाषण संपलं." खाली उतरले. सेक्रेटरी मागे मागे. "ताई, काही चुकलं का आमचं?" तुमचं नाही, म्हटलं.

तेव्हापासून एकच चाललंय डोक्यात. तो हसत आला, हे मला कुणी सांगितलं? तो आला तेव्हा मी आत होते. आठ महिन्यांनी सुटले. त्याचा त्या दिवसाचा चेहरा मी पाहिलेलाच नाही. ते हसू माझं. भाषणाला हवं होतं म्हणून मी त्याच्या तोंडावर लावलं आणि तीस वर्षं गावोगाव नेलं. आणि तो दर वेळी पहिल्या रांगेत. बोलता येत होतं तेव्हा बोलला नाही. की बोलायला निघाला, आणि मी पुढच्या वाक्यावर होते?

समोर बसलाय. खिडकीबाहेर बघतोय. विचारायचं धाडस होत नाही. मला!

रविवार, २९ ऑक्टो., सकाळ

आजपासून घड्याळं एक तास मागे. निखिल-मंजिरी सायकली घेऊन बाहेर पडलेत. उद्या खोकं परत करायचंय. एकच भाग राहिला होता, म्हणून नाश्त्यानंतरच लावला.

मी आधी म्हटलं, "मधू, काल तू 'ते नाही' म्हणालास. कसं होतं ते? मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही." एवढंच. चार वाक्यांच्या वर गेले नाही. त्याने टीव्हीकडे बोट केलं. बघू लागलो.

मालिका संपायला दहा-बारा मिनिटं असतील. म.ने रिमोट उचलला आणि चित्र थांबवलं. पडद्यावर वाळू आणि दोन अनवाणी पाय, एक उचललेला. ज्या शेवटासाठी तीस वर्षं थांबला, तो त्याने स्वतःच थांबवलाय. खुर्ची माझ्याकडे वळवली. चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"तेव्हा," म्हणाला. मराठीत. "तेव्हा... मी..."

तोंड उघडू नये म्हणून हात चालू ठेवलाय, म्हणून हे लिहितेय. रागावलास का? रडलास का? यायचं नव्हतं का तुला? तीन शब्द माझ्या जिभेवर आहेत, यातला एक बरोबर असेलही. देणार नाही. साठ होऊन गेले. दोनशे होऊन गेले. मोजणं सोडलं.

भिंतीवरचं घड्याळ अजून कुणी मागे केलेलं नाही. त्यात अकरा वाजलेत, खरे दहाच. हा तास कुणाच्याच हिशेबातला नाही, तो पूर्ण त्याचा.

"मी..." पुन्हा म्हणाला. ओठ हलताहेत. आता पेन खाली ठेवते, त्याच्याकडे बघायला हवं.