गुडघ्याचं कर्ज

सालवड, बोईसर
३ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. सौ. आईंना,
सून हेमांगीचा शि. सा. न. वि. वि.

फोन केला की निम्मं बोलणं बाबाच बोलतात, म्हणून सरळ पत्र लिहितेय.

तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी कुशलने घेतलेलं कर्ज आम्हाला मुदतीआधीच फेडून टाकायचंय. माझी भिशी लागली, कुशलचा बोनस आला. हे कर्ज फिटल्याचा दाखला मिळाला तरच नव्या घराचं कर्ज मंजूर होणार, आणि घर विकणारा मालक महिनाअखेरपर्यंतच थांबणार आहे. पण बँक पैसे घ्यायलाच तयार नाही. कर्जाच्या टेबलावरचे साहेब आधी म्हणाले, पुढचा हप्ता जाऊ द्या. मग म्हणाले, दंड भरा. वर्षानंतर दंड नाही हे करारात दाखवलं, तर म्हणे वर विचारावं लागेल. परवा तर आणखी कर्ज घ्या म्हणून त्यांचाच फोन! कुंभवलीच्या कंपनीतून रजा काढून काढून कुशल थकलाय. घर हातचं जाईल याची मला फार भीती वाटते.

गुडघा कसा आहे? फिरायला जाता ना?

माया आहे तशीच राहू द्या.
तुमची हेमांगी

माकुणसार
७ नोव्हेंबर

चि. सौ. हेमांगीस अ. उ. आ.

पत्र वाचून जीव थोडा थोडा झाला. गुडघा डॉक्टरांच्या मते उत्तम आहे. मीच वाडीच्या बांधापलीकडे जात नाही. दुसऱ्याच्या पैशाची वस्तू वापरल्यासारखं वाटतं गं. कुशलला सांगू नकोस, उगाच चिडेल.

तुझं मात्र फार कौतुक वाटलं. सासूच्या दुखण्यासाठी स्वतःच्या भिशीचे पैसे घालतेस, वर करार वाचून साहेबांना जाब विचारतेस. मी असते तर मान डोलावून घरी आले असते.

ह्यांना धीर निघत नाही. सतरा तारखेला ते तुझ्याबरोबर बँकेत येतील. शेजारचा कोयता परत करायचा झाला तरी हे केळी घेऊन निघतात. देणं द्यायला रिकाम्या हाताने जायचं नाही, हा ह्यांचा हट्ट. बँकेत लोक हसतील म्हणून बजावलंय. तरी तू लक्ष ठेव.

लोभ आहेच, तो वाढवत राहा.
तुझी आई

सालवड
२१ नोव्हेंबर

ती. स्व. सौ. आईंना शि. सा. न. वि. वि.

बाबांनी केळी आणलीच, पिशवीत वर टॉवेल घालून. मी खुर्ची ओढेपर्यंत दोन फण्या आणि नारळ साहेबांच्या टेबलावर. साहेब ताडकन उठले आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, की इथे कामासाठी असलं काही चालत नाही, उचला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. वाटलं, आता काम कायमचं अडकलं.

बाबा शांतपणे म्हणाले, "कामासाठी नाय हे, साहेब. आमी देणं द्यायला आलोय, ते तुमी घेत नाय. निदान केळी तरी घ्या."

रांग हसायला लागली. मॅनेजरबाई केबिनमधून बाहेर आल्या आणि कुणाचे पैसे घेत नाहीत म्हणून विचारू लागल्या. मी करार पुढे केला. दंड रद्द झाला, पैसे त्याच दिवशी जमा झाले, आणि आज दाखला हातात आलाय. साहेबांनी केळ्यांना हात लावला नाही, म्हणून बाबांनी ती रांगेतच वाटली. आई, मला त्यांचा इतका अभिमान वाटला!

घर आपलं होणार. तिसरा मजला आहे आणि लिफ्ट नाही, म्हणून कुशल तुम्हाला खुर्चीत बसवून वर आणणार म्हणतोय.

आशीर्वाद असू द्यावा.
तुमची हेमांगी

माकुणसार
२६ नोव्हेंबर

चि. सौ. हेमांगीस अ. उ. आ.

ह्यांनी घरी येऊन काम झालं, केळी संपली, एवढंच सांगितलं होतं. तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं तर उठून वाडीत निघून गेले, लाजून. इतकी वर्षं ह्यांच्या केळ्यांना नावं ठेवली, आता नाही ठेवणार.

मग मीही चपला घातल्या. बांध ओलांडून सगळ्या गावात फिरून आले. शेजारच्या शकूने विचारलं, आज कुठे निघालात? म्हटलं, गुडघा माझा झाला, तो चालवून बघतेय.

कुशलला सांग, खुर्ची नको. जिना मी माझ्या पायांनी चढणार. खाली घ्यायला कुणी यायचं नाही, दार तेवढं उघडं ठेवा.

मायेत अंतर पडू देऊ नकोस.
तुझी आई

ता. क. ह्या वेळी केळी मी आणतेय. तुझं देणं आहे माझ्यावर.