चिमणीच्या दातांवरच्या तारा

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी रोज लिहायची. कालचा रविवार वाया गेला. चिमणी आली नाही, क्लास होता. मुलगी पंधरा वर्षांची घोडी झाली, पण माझ्यासाठी चिमणीच. दर दुसऱ्या रविवारी तिने माझ्याकडे यायचं असं ठरलंय, पण थंडीपासून तो क्लास आडवा येतो. तिच्या आईचा आणि माझा संसार सध्या दोन घरांत आहे. सध्या म्हणजे हे चौथं वर्ष.

संध्याकाळी एक लेख वाचला. दातांवरच्या तारांना टूथपेस्ट बाधू शकते म्हणे. फ्लोराइड, त्यात आंबट खाणं, की काही तारा झिजतात, गंजतात. चिमणीच्या दातांवर तारा आहेत! आणि मी लोखंडी कपाटांच्या कारखान्यात आयुष्यभर गंजच तपासतोय. असा बाप किती मुलींच्या नशिबी असतो?

४ मार्च
प्रयोग करणार. वेगवेगळ्या पेस्ट पाण्यात कालवायच्या, प्रत्येकीत तार बुडवायची. सोळा तारखेच्या रविवारी चिमणी येईल तेव्हा निकाल टेबलावर हजर. तिला विज्ञान आवडतं. निदान सातवीत आवडायचं.

कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे खरी तार मागायला गेलो. पेशंट कुठाय, असं त्यांनी विचारलं. आईकडे, म्हणालो. बाईंनी बोटभर तार दिली आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

५ मार्च
खरी तार हरवली. केरात गेली असणार. केर मीच काढतो, त्यामुळे कुणावर ओरडताही येत नाही. कारखान्यातून खोकी बांधायची तार आणली. शेवटी तार ती तार.

घरातले सगळे ग्लास प्रयोगात अडकले. पाणी पातेल्याने प्यायलो, अर्धं शर्टावर. पाहुणा आला तर पंचाईत. पण तशी भीती नाही.

८ मार्च, शनिवार, सकाळी
गंज! लाल पट्ट्यांच्या पेस्टचं पाणी तांबूस झालंय. ही चिमणीची आवडती पेस्ट. तिच्यासाठी म्हणून बेसिनवर आणून ठेवली होती. प्रयोगासाठी मीच पहिल्यांदा उघडली.

चिमणीच्या आईला फोन केला. उचलला नाही. मेसेज टाकला, पेस्ट ताबडतोब बंद करा, बाकी भेटीत. उत्तरादाखल नुसतं एक प्रश्नचिन्ह आलं. कसं का असेना, स्वतःहून काही विचारलं तरी. बरं वाटलं.

१० मार्च
सगळ्याच ग्लासांत गंज. तुलनेसाठी ठेवलेल्या साध्या पाण्याच्या ग्लासातसुद्धा. ग्लास आधी नीट विसळला नसेल.

एक ग्लास पिशवीत धरून डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी तार चिमट्यात धरून पाहिली आणि म्हणाल्या, अहो, ही तोंडात घालायची तार नाहीच, ही नुसत्या पाण्यातही गंजेल. आणि पेस्ट बंद केलीत तर तारांचं राहू दे, मुलीचे दात किडतील. बाहेरच्या माणसाने काही शोधून काढलं की तज्ज्ञांच्या पोटात दुखतंच. तरी घरी येताना मेसेज केला, पेस्ट पुन्हा सुरू करा.

उत्तर आलं, तू बरा आहेस ना?

आठवड्यात दुसरा प्रश्न. प्रगती आहे. मी बरा आहे असं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं आणि मग पाठवायचं राहूनच गेलं.

१५ मार्च, शनिवार
घर लख्ख केलं. खुर्चीवरचे कपडे पलंगाखाली ढकलले. उद्या सुरुवात कशी करायची ते ठरवून ठेवलंय: चिमणे, बघ तुझा बाप काय करतो ते! मोठ्याने म्हणून पाहिलं. शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

खोक्याच्या तारेचा मुद्दा काढायचा नाही. फार तांत्रिक आहे.

१६ मार्च, रविवार
सकाळी ९. ग्लास ओळीने मांडले.

सकाळी ११. ट्रॅफिक असेल.

दुपारी. चिमणीचा फोन आला. मैत्रिणीकडे सगळ्या जमतायत, जाऊ का, चालेल ना, असं विचारत होती. चालेल की, म्हणालो. मग राहवेना. फ्लोराइड, गंज, ग्लास, सगळं एका दमात सांगून टाकलं. आंबट कमी खा म्हणालो, तारांना जप म्हणालो. ती हळूच म्हणाली, बाबा, माझ्या तारा तर जानेवारीतच काढल्या.

मी म्हणालो, माहितीये गं, गंमत करत होतो. ती हं म्हणाली. मागून कुणीतरी हाक मारली, तशी बाय म्हणून तिने फोन ठेवला.

संध्याकाळी. ग्लास धुवायला घेतले, डाग काही जात नाहीत. फार वाईट वाटतंय. गंज कळतो म्हणे मला. पोरीच्या तोंडातल्या तारा गेल्या तेही कळलं नाही.

दात सरळ झाले असतील आता तिचे. कसे दिसतात, ते विचारायचं राहिलं.